सिक्स्थ फॉर्मची दोन वर्षं: मुलाच्या मागे लागायचं की सोडून द्यायचं?

"ताई, मुलगा सप्टेंबरमध्ये सिक्स्थ फॉर्मला गेला, शाळा म्हणते आता त्याचं त्याला करू द्या, आणि हे म्हणतात आत्ताच सोडलं तर पोरगं हातचं जाईल. नक्की किती मागे व्हायचं आम्ही?"

ऑक्टोबर उजाडला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. मी इंग्लंडमध्ये समुपदेशन करते, येणाऱ्यांमध्ये आपली मराठी कुटुंबं बरीच असतात, आणि विचारणारी बहुतेक वेळा आई असते, बाबा व्हिडिओ कॉलवर मागे अर्धे दिसत असतात. आज अशाच एका कुटुंबाबद्दल लिहितेय. त्यांनी लिहायला हो म्हटलंय, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात. मुलाला इथे चिरंजीव म्हणूया, कारण त्याची आई चिडली की त्याला तेच म्हणायची.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. सिक्स्थ फॉर्म म्हणजे इथली इयर १२ आणि इयर १३, वय सोळा ते अठरा, आपल्या अकरावी-बारावीसारखंच वय. पण विषय साधारण तीनच, मधे मधे फ्री पिरियड, बऱ्याच ठिकाणी युनिफॉर्म नाही, आणि कालपर्यंत प्रत्येक गृहपाठासाठी घरी मेसेज पाठवणारी शाळा अचानक म्हणते की मुलं आता मोठी झाली. २०१५ पासून इंग्लंडमध्ये ए लेव्हलचे, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या परीक्षेचे, नियम बदलले, त्यामुळे खरी परीक्षा इयर १३ च्या शेवटी एकदाच. पण शाळा जे प्रेडिक्टेड ग्रेड, म्हणजे शेवटी येतील असे अंदाजाचे ग्रेड, देते ते बहुतेक इयर १२ च्या कामावर आणि शाळेतल्या परीक्षांवर ठरतात, आणि युनिव्हर्सिटी ते बघूनच ऑफर देते. म्हणजे आईबापांची काळजी उगाच नसते. "अहो, होईल सगळं, सोडा त्याला" असं सांगून मी कुणाला परत पाठवत नाही.

तर चिरंजीव. जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेला, सगळे आठ आणि नऊ, नऊ म्हणजे सगळ्यात वरचा ग्रेड, घरी पेढे, आजीला व्हिडिओ कॉल, सगळं झालं. मॅथ्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी घेतलं कारण मेडिसिन करायचं होतं, आणि पहिल्याच हाफ टर्मच्या केमिस्ट्रीच्या टेस्टला डी आला. इथे शिकवणाऱ्यांना याचं फार नवल वाटत नाही, जीसीएसई ते ए लेव्हल ही उडी मोठी आहे आणि हुशार मुलंही पहिल्या काही महिन्यांत धडपडतात. पण हे घरी कुणाला माहीत? घरी डी म्हणजे आभाळ कोसळलं.

बाबा सांगली जिल्ह्यातले. त्यांच्या घरात बारावीचं वर्ष म्हणजे केबल बंद, लग्नाकार्याला जायचं नाही, रात्री आई चहा घेऊन जागी. त्यातूनच ते इंजिनीअर झाले आणि इथवर आले, त्यामुळे त्यांना हा मार्ग चुकीचा वाटायचं काही कारणच नव्हतं. त्यांनी एक्सेलमध्ये तासातासाचा तक्ता केला आणि फ्रिजवर लावला. दोन ट्यूटर लावले. रात्री नऊला फोन ड्रॉवरमध्ये. फोनमध्ये लोकेशनचं ॲप. आईचं वेगळंच चालू होतं, सकाळी ट्रेनमध्ये बसली की आधी शाळेचं ॲप उघडायची, पहिल्या पिरियडची हजेरी लागलेली दिसली की मगच ऑफिसचे ईमेल. केमिस्ट्रीच्या टीचरना तिने परस्पर ईमेल केला, आणि चिरंजीवांना ते कळलं वर्गात, टीचरच्याच तोंडून, मित्र शेजारी बसलेले असताना.

मग पोरगा खोटं बोलायला लागला. टेस्ट पुढे गेली, पेपर अजून तपासले नाहीत, टीचर आजारी आहे. पॅरेंट्स इव्हनिंगला सगळं उघडं पडलं आणि त्या रात्री बाबांनी फ्रिजवरचा तक्ता फाडला आणि म्हणाले, "आजपासून मी तुझ्या अभ्यासात नाही, तू आणि तुझं नशीब." त्यानंतर कित्येक दिवस बापलेकांमध्ये "जेवायला ये" सोडून शब्द नाही.

आई माझ्याकडे आली तेव्हा बाबांचं म्हणणं सरळ होतं, "शाळाच म्हणाली ना, स्वातंत्र्य द्या? दिलं." आणि ते मनापासून म्हणत होते, त्यांना खरंच वाटत होतं की मागे होणं म्हणजे हेच.

मी विचारलं, लोकेशनचं ॲप अजून चालू आहे का? त्यांनी फोन काढला, बघितलं. चालू होतं.

मला हे फार ठिकाणी दिसतं, म्हणून यावरच जास्त लिहितेय. आईबाप मागे होतात तेव्हा बोलणं थांबवतात, जवळ बसणं थांबवतात, पण नजर मात्र तशीच ठेवतात. व्हायला हवं नेमकं उलटं. चिरंजीव मला एकटे भेटले तेव्हा म्हणाले, "काकू, आधी ते माझ्या मार्कांशी बोलायचे. आता मार्क नाहीत, तर बोलणंपण नाही." सतरा वर्षांच्या मुलाच्या तोंडून हे ऐकल्यावर मी ते त्याच्या परवानगीने बाबांना जसंच्या तसं सांगितलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

अजून एक गोष्ट आहे, परदेशातल्या कुटुंबांनी तर ती लक्षात ठेवायलाच हवी. सांगलीत बाप आठ दिवस अबोला धरून बसला तरी घरात आजी असते, काका असतो, शेजारची काकू ताटात चार घास वाढून डोक्यावरून हात फिरवते, पोराला दुसरं कुणीतरी माणूस मिळतं. इथे तीन बेडरूमच्या घरात दोनच मोठी माणसं असतात आणि त्यातलं एक गप्प झालं की अर्धं घर गप्प होतं. त्यामुळे तिकडचा अबोला इकडे आणला की तो दुप्पट लागतो.

सुरुवात आम्ही अभ्यासापासून केलीच नाही. बाबा रविवारी इंडियन स्टोअरमध्ये किराणा आणायला जायचे, मी म्हटलं त्याला सोबत न्या. "काय बोलू त्याच्याशी?" काही बोलू नका, गाडीत शेजारी बसू द्या, पिशव्या उचलू द्या. पहिले एक-दोन रविवार काहीच झालं नाही, मग एकदा येताना पोरगा आपणहून म्हणाला की ऑर्गॅनिक केमिस्ट्रीतलं काही डोक्यातच शिरत नाहीये. बाबांनी स्वतःला आवरलं, ट्यूटरचं नाव काढलं नाही, फक्त "कुठे अडतं?" एवढंच विचारलं. मला त्यांचं खरंच कौतुक वाटलं, कारण त्यांच्यासारख्या माणसाला तेवढं थांबणं सोपं नसतं.

मग मी चिरंजीवांना म्हटलं, आईबाबांनी कशातून बाहेर पडावं असं तुला वाटतं ते लिही. दोघांनाही वाटलं पहिला नंबर फोनचा असणार. पहिलं होतं, "माझ्या टीचरना ईमेल करू नका." दुसरं, "आजीला आणि फॅमिली ग्रुपवर माझे मार्क सांगू नका." फोन बराच खाली होता. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, आजीला सांगण्यात लाजवण्यासारखं काही आहे हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

टीचरशी बोलणं, सकाळी उठून शाळेत वेळेवर पोचणं, अभ्यासाचं वेळापत्रक, यूकासचं लॉगिन, हे सगळं त्याच्याकडे गेलं. तसंही यूकास म्हणजे युनिव्हर्सिटीचे अर्ज जिथून जातात ती संस्था, ती मुलाशीच बोलते, आईबापांशी बोलायचं असेल तर मुलाने तुमचं नाव अर्जात तसं नोंदवावं लागतं. युनिव्हर्सिटीत गेल्यावरही त्याच्या परवानगीशिवाय तुम्हाला त्याचे मार्क कुणी सांगणार नाही. म्हणजे दोन वर्षांनी जे एका झटक्यात होणारच आहे, ते आत्ता घरात राहून हळूहळू करायचं. आईबाबांकडे राहिलं ते रात्रीचं एकत्र जेवण, पैसे, रात्री बाहेर असेल तर कुठे आहे आणि कधी येणार, आणि रविवारी संध्याकाळी अर्धा तास अभ्यासाबद्दल बोलणं, तेही तोच सुरू करणार. बाकी दिवस अभ्यासाचा विषय बंद. लोकेशनचं ॲप त्याच्यासमोर काढलं.

इथे आई म्हणाली, "आणि त्याने तारीख चुकवली तर?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. मी सांगते की तारखा दोन प्रकारच्या असतात. एक चुकली तर त्रास होतो पण पुढे रस्ता असतो, ती चुकू द्यायची. दुसरी चुकली तर वर्ष जातं, तिथे गप्प बसू नका. मेडिसिनचंच घ्या, अर्जाची शेवटची तारीख १५ ऑक्टोबर, बाकीच्या बहुतेक कोर्सेससाठी जानेवारीपर्यंत वेळ असतो. यूकॅट म्हणून जी परीक्षा लागते ती वर्षातून एकदाच देता येते आणि तिचं बुकिंग वेळेत करावं लागतं. अशा तारखा कॅलेंडरवर सगळ्यांना दिसतील अशा लिहायच्या आणि एकदा, साध्या आवाजात विचारायचं, "झालं का रे?" एकदाच हं, दिवसातून चार वेळा नाही.

आणि चुकली की एक तारीख. केअर होममध्ये कामाचा अनुभव घ्यायला शाळेतून फॉर्म भरायचा होता, आईला तारीख माहीत होती, त्याने भरला नाही, जागा गेली. आई मला म्हणाली, "ताई, पोटात गोळा आला होता पण तोंड उघडलं नाही." दोन दिवस तो तोंड पाडून बसला, मग स्वतःच आजूबाजूच्या केअर होम्सना फोन केले आणि एका ठिकाणी शनिवारी मदतीला जायला लागला. तिथे एका गुजराती आजींना जेवण भरवायचं काम त्याच्याकडे आलं, त्या इंग्लिश विसरत चालल्या होत्या आणि याच्या मोडक्यातोडक्या हिंदीवर खूश व्हायच्या. घरी येऊन तो हे जेवताना सांगायचा. पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जात स्वतःबद्दल लिहायचं असतं ते, आईने आधी त्याच्या वतीने लिहून ठेवलेलं होतं, चांगलं गुळगुळीत इंग्लिश, ते त्याने बाजूला ठेवलं आणि या आजींवरून स्वतःचं लिहिलं. त्यात व्याकरणाच्या चुका होत्या, आईने विचारून तेवढ्याच दुरुस्त केल्या.

केमिस्ट्री डीवरून बी पर्यंत आली, पुढे ए पर्यंत. दोन्ही ट्यूटर बंद झाले, मग त्यानेच एकाला परत बोलवा म्हटलं.

काही आईबाप हे सगळं वाचून म्हणतील की आमच्या मुलाचं वेगळं आहे, तो खोलीतून बाहेरच येत नाही. बरोबर, आणि तिथे मागे व्हायचं नाही. झोप पूर्ण उडालीये, जेवत नाही, मित्र तुटलेत, शाळेत जाणंच बंद झालंय, हातावर जखमा दिसतायत, जगून काय उपयोग असं बोलतोय, यातलं काही दिसलं तर स्वातंत्र्य वगैरे विषय बाजूला ठेवा, सरळ विचारा आणि जीपीकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, जा. सोळा वर्षांच्या पुढे मुलगा स्वतःच्या उपचारांना स्वतः संमती देऊ शकतो आणि तो जे बोलेल ते डॉक्टर तुम्हाला सांगतीलच असं नाही, पण तुम्हाला घरी काय दिसतंय ते तुम्ही डॉक्टरांना नक्की सांगू शकता, त्याला कुणी अडवत नाही. तातडीचं असेल तर १११ या इथल्या आरोग्यसेवेच्या नंबरला फोन करून मेंटल हेल्थचा पर्याय घ्या, जिवाला धोका वाटला तर ९९९. मुलांना स्वतःला बोलायचं असेल तर चाइल्डलाइन ०८०० ११११, फुकट आहे, एकोणीस वर्षांचे होईपर्यंत चालतं. हा नंबर फ्रिजवर लावा, तिथे तक्त्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग आहे.

चिरंजीवांनी यूकासमध्ये चार मेडिसिन आणि पाचवा बायोमेडिकल सायन्स भरला, मेडिसिनसाठी चारच भरता येतात. मेडिसिनच्या एका ठिकाणची ऑफर आली, तीन ए हवे होते. ऑगस्टमध्ये रिझल्टच्या आदल्या आठवड्यात बाबांनी मला विचारलं, "मी सुट्टी घेऊ का त्या दिवशी? की त्याला वाटेल पुन्हा डोक्यावर बसलोय?"

मी म्हटलं घ्या. रिझल्ट सकाळी आठच्या सुमारास येतात, आणि ग्रेड कमी पडले तर युनिव्हर्सिटीला फोन मुलानेच करायचा असतो, क्लिअरिंगमध्ये, म्हणजे उरलेल्या जागा भरताना, सुद्धा त्यांना मुलाशीच बोलायचं असतं. पण त्या वेळी घरात मोठं माणूस हवं. तुम्ही फोन हातात घेऊ नका, "मी बोलतो" म्हणू नका, त्याने विचारलं तर शेजारी बसा आणि समोरचा काय सांगतोय ते कागदावर टिपून घ्या, कारण घाबरलेल्या मुलाच्या लक्षात अर्धं राहत नाही. आणि त्या दिवशी सांगलीला फोन त्याने म्हटल्यावरच करायचा.

दोन ए आणि एक बी आला. मेडिसिनवाल्यांना त्याने फोन केला, ते नाही म्हणाले. पाचवा पर्याय त्याच्या हातात होता. वर्षभर थांबून परत मेडिसिनचा अर्ज करायचा की बायोमेडिकलला जायचं, हे ठरवायला त्याने बाबांना किराण्याला सोबत चला म्हटलं, तेव्हा वार गुरुवार होता. तो बायोमेडिकलला गेला. ग्रॅज्युएशननंतर मेडिसिनला जायचा रस्ता उघडा असतो, तो घ्यायचा की नाही हे अजून त्याचं ठरलेलं नाही, आणि आईबाबांनी अजून विचारलेलं नाही.