डिजिटल जमान्यात सोलापूरसारख्या शहरातल्या पत्रकाराने आणि पेपरने टिकायचं कसं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुम्ही तालुक्याला वार्ताहर आहात, मालकांनी पोर्टल काढलंय, रोज 20 बातम्या टाका म्हणून मागे लागलेत आणि टाकूनही कुणी वाचत नाही. मी सोलापुरात 21 वर्षं या धंद्यात काढली, निम्मी डेस्कवर, निम्मी बाहेर. पोर्टलचा खेळ आतून बघितला आणि त्यात तोंडही पोळून घेतलं. म्हणून लिहायला बसलो.

तोंड पोळल्याची गोष्ट आधी सांगतो.

पावसाळ्यातली रात्र होती. भीमेवरच्या उजनी धरणातून पाणी सोडल्याचा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होता. क्युसेकचा (सेकंदाला किती घनफूट पाणी) आकडा दणदणीत, सोबत फेसाळलेल्या पाण्याचा फोटो. तेव्हा मी जिथे होतो तिथे ‘सगळ्यात आधी आम्ही’ याचं वेड होतं. साडेअकराला मी ते जसंच्या तसं पोर्टलवर चढवलं. धरणाच्या नियंत्रण कक्षाला एक फोन लावला असता तर कळलं असतं की आकडाही आदल्या वर्षीचा आणि फोटोही. रात्री दोनला पंढरपूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा फोन आला. “सायेब, तुमचं वाचून पोरांना उठवलं, नदीतली मोटार काढली. अंधारात धाकट्याचा पाय घसरला. आता तिकडं विचारलं तर म्हणतेत पाणी सोडलंच न्हाई.” पोराला फार लागलं नव्हतं. पण त्या माणसाच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

त्यात भर म्हणजे तो आकडा खरा असता तरी माझी बातमी अर्धीच होती. नीरा नदी नरसिंहपूरला भीमेला मिळते आणि नीरेवरच्या वीर धरणातून सोडलेलं पाणी, म्हणजे विसर्ग, त्या वाटेने येतो. पंढरपुरात नदी किती चढणार हे उजनी आणि वीर मिळून ठरवतात. शिवाय सोडलेलं पाणी तिथवर पोचायला तास लागतात. आमच्या जुन्या बातमीदारांना हे तोंडपाठ असायचं. मलाही ठाऊक होतं, फक्त मी थांबलो नाही.

त्या रात्रीनंतर मला जे पटलं तेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून देतो. पहिली बातमी आता आपली राहिलेली नाही. ती रस्त्यावरच्या मोबाईलची आहे. सात रस्त्यावर अपघात झाला तर तुम्ही गाडीला किक मारेपर्यंत त्याचा व्हिडिओ अख्ख्या गावाने बघितलेला असतो. त्या शर्यतीत उतरलात तर हराल, आणि चुकून जिंकलात तर बहुतेक माझ्यासारखं चुकीचं काहीतरी छापून जिंकाल. आपली बातमी दुसरी. जिला आपण पाठपुरावा म्हणायचो आणि जी पानात जागा नाही म्हणून नेहमी आधी मारली जायची.

उदाहरण आपल्या पाण्याचंच घ्या. सोलापूर शहराला रोज पाणी नाही हे नव्याने सांगायला नको, इथे पाहुण्याला तारीख देतानासुद्धा घरात पाण्याचा दिवस मोजतात. जलवाहिनी फुटली की कारंजं उडाल्याचा व्हिडिओ लगेच येतो. पण घरातल्या बाईला हवं असतं वेगळंच: आमच्या पेठेला आता कधी? शहराचं पाणी उजनीच्या शंभर किलोमीटरहून लांब जलवाहिनीतून येतं, भीमेवरच्या टाकळीहून येतं, थोडं हिप्परगा तलावातून येतं. कोणती वाहिनी गेली तर कोणत्या टाकीवर आणि कोणत्या भागावर परिणाम होतो, याचा एक तक्ता पाणीपुरवठ्याच्या कनिष्ठ अभियंत्याबरोबर दोन दुपारी बसून तयार होतो. तो तुमच्या मोबाईलमध्ये असेल तर वाहिनी फुटल्यावर दहा मिनिटांत तुम्ही असं काही सांगू शकता जे त्या व्हिडिओवाल्याला महिनाभर जमणार नाही. उन्हाळ्यात ‘धरण मायनसमध्ये गेलं’ म्हणून हाकाटी होते तेव्हाही तसंच. उजनीत सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं 63 टीएमसीहून थोडं जास्त पाणी म्हणजे मृतसाठा, तळाचा, नेहमीच्या वापरात न धरलेला. ‘मायनस’ची मोजणी तिथून सुरू होते, म्हणजे मायनसला गेलं तरी धरण कोरडं पडलेलं नसतं. मग चिंता नक्की कशाची करायची, पाणी उपशाच्या पातळीखाली गेल्यावर ते उपसायला काय लागतं, मागच्या वेळी काय केलं होतं, हे सोप्या भाषेत लिहा. असला मजकूर एकदा लिहिला की दर एप्रिलमध्ये नवे आकडे घालून पुन्हा चालतो. पेपरात रद्दी झाली असती, इथे तो राहतो.

राहतो म्हणालो, पण तो सापडला पाहिजे ना! इथे आपल्या बहुतेक पेपरांचं घोडं अडतं. वर्षानुवर्षं पानं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लागली. ती फाईल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर दिसेल आणि शोधता येईल अशा लिपीत, बदलल्याशिवाय नेटवर टाकली तर नुसती गिचमिड दिसते, म्हणून सोपा रस्ता काय काढला? पानाचं चित्र करून ई-पेपर. दिसायला छान, पण शोधायला गेलं तर शब्द हाताला लागत नाहीत. म्हणजे कुणी ‘सोलापूर पाणीपुरवठा वेळापत्रक’ म्हणून शोधलं तर तुमची सविस्तर बातमी गायब आणि मुंबईत बसून ढापलेल्या चार ओळी वर. मालकांना पोर्टलसाठी नवा रंगीत डिझाइन करणारा मिळतो, पण जुन्या फायली युनिकोडमध्ये आणणारा एक मुलगा ठेवायचं सुचत नाही. मला विचाराल तर पहिला खर्च तो करा. ऑफिसच्या माळ्यावर धूळ खात पडलेले बांधीव अंक म्हणजे या शहराचा सातबारा आहे. निदान मथळा, तारीख आणि ठिकाण एवढी तरी सूची टाइप करून घ्या. तीच जलवाहिनी आधी कुठे कुठे फुटली, प्रत्येक वेळी काय आश्वासन मिळालं, हे पाच मिनिटांत काढता आलं की अधिकाऱ्यासमोर बसताना तुमचा स्वर बदलतो.

मथळ्याचंही सांगून ठेवतो, कारण जुन्या माणसांचा यावर फार जीव. ‘पाणी पेटले’ हा छापील पानावर झकास मथळा आहे, खाली फोटो आहे, शेजारी गावाचं नाव आहे. मोबाईलवर तो एकटा पडतो. कुठलं पाणी, कुठे पेटलं? तिथे ठिकाण आणि विषय मथळ्यातच लागतात. पण ‘हे वाचून तुमच्या पायाखालची जमीन सरकेल’ छाप मथळे मात्र नकोत. लोक एकदा फसतात, दुसऱ्यांदा तुमचं नाव बघूनच पुढे सरकतात.

आता पैशाचं. नवी पेठेतल्या एका साडीच्या दुकानदाराकडे आम्ही दर दिवाळीला पाव पान जाहिरात घ्यायला जायचो. काही वर्षांपूर्वी त्यांनी चहा पाजला आणि मोबाईल पुढे केला. “मालक, पोरानं इन्स्टाग्रामवर टाकलंय बघा. आपल्या गावातल्याच बायकांना दिसतंय, आवडलं तर तिथंच विचारतेत. तुमच्या पेपरात कुणी बघितलं ते मला कळतंय का?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लग्नाच्या, भाड्याच्या घराच्या छोट्या जाहिराती त्याआधीच निरनिराळ्या साइटींनी नेल्या होत्या. निविदा ई-निविदा झाल्या, पेपरात उरल्या चार ओळी आणि संकेतस्थळाचा पत्ता. मग राहिलं काय, तर नेत्यांचे वाढदिवस. पूर्ण पान शुभेच्छा घेतलेल्या माणसाच्या वॉर्डातल्या गटाराची बातमी दुसऱ्या दिवशी कशी लागते ते तुम्हाला माहीतच आहे. पोर्टलवर गुगलच्या जाहिराती लावून पगार निघेल या भ्रमातही राहू नका. त्या लाखो वाचकांच्या हिशोबाने परवडतात, आणि तालुक्याच्या बातमीला लाखो वाचक नसतात, नसायलाच हवेत.

म्हणजे पैसे वाचकाकडूनच यायला हवेत, आणि इथे आपली एक गंमत आहे. आपल्या पेपरांना आपला वाचक कोण हे कधी माहीतच नव्हतं. ते माहीत होतं पेपर टाकणाऱ्या विक्रेत्याला. कुठल्या बिल्डिंगमध्ये कोण, कुणाचं बिल थकलं, कुणाच्या घरी आजोबा गेल्यापासून पेपर बंद झाला, सगळं त्याच्या डोक्यात. डिजिटल झालो म्हणत पहिल्यांदा त्यालाच बाजूला सारलं. एप्रिल 2020 मध्ये लॉकडाऊनात घरोघर पेपर टाकण्यावर बंदी आली तेव्हा आपण पीडीएफ फुकट वाटल्या आणि लोकांना पेपर फुकट असतो अशी सवय लावली. विक्रेत्याला कमिशन देऊन त्याच्यामार्फतच यूपीआयचा कोड आणि व्हॉट्सॲप नंबर घराघरांत पोचवला असता तर आज यादी हातात असती. अजूनही वेळ गेलेली नाही असं मला वाटतं, निदान शहराच्या पूर्व भागात आणि जुन्या पेठांत.

व्हॉट्सॲपवर करणार असाल तर एक बारकावा. ग्रुप काढू नका, दोन दिवसांत तिथे सुप्रभात आणि भांडणं सुरू होतात. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, त्यात एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो. तिच्यावरून गेलेला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. लोकांना ही अडचण वाटते, मला हीच चाळणी वाटते. ज्याने नंबर सेव्ह केला तो तुमचा खरा वर्गणीदार. भारतात सप्टेंबर 2023 पासून आलेलं चॅनल माणसं वाढवायला चांगलं आहे, पण तिथे वाचक उलट बोलू शकत नाही आणि आपल्याला तर त्याचं बोलणंच हवंय.

भाषेबद्दल आपल्या गावात वेगळं बोलावं लागतं. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, शिवाय उर्दू. यातल्या कितीतरी जणांना मराठी बोललेली नीट समजते, पण वाचायचा कंटाळा. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 ला ‘दर्पण’ काढलं ते एका बाजूला मराठी आणि एका बाजूला इंग्रजी असं. म्हणजे मराठी पत्रकारितेचा पहिला अंकच दोन भाषांचा होता, मग आपण तेलुगूत तीन मिनिटांचा आवाजी बातमीसंच काढला तर कुठे बिघडलं? विड्या वळणाऱ्या बाईचे हात सुपात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. (यंत्रमागावर मात्र हा प्रयोग फसला. त्या खडखडाटात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तिथे माझा काय येणार!) उत्तरेत चित्रकूटहून 2002 मध्ये सुरू झालेलं ‘खबर लहरिया’ जरूर बघा. खेड्यातल्या बायकांनी बुंदेलीत छापील पेपर म्हणून सुरू केलं आणि पुढे छपाई सोडून मोबाईलवरच्या व्हिडिओ बातम्यांकडे वळल्या. त्यांचं भांडवल म्हणजे जिथे दुसरा कुणी पत्रकार जात नाही तिथे त्या जातात.

एआयबद्दलही विचारलंय. मुलाखतीचं रेकॉर्डिंग टाइप करून घ्यायला, लांबलचक शासन निर्णय चाळायला वापरा, मीही वापरतो. पण गावांची नावं आणि आकडे स्वतः मूळ कागदाशी ताडून बघा, कारण ते चुकीचंही मोठ्या आत्मविश्वासाने लिहितं. अगदी त्या रात्रीच्या माझ्यासारखं.

कायद्याचं थोडक्यात. छापील अंकाच्या नोंदणीसाठी 1 मार्च 2024 पासून 2023 चा नवा कायदा लागू आहे, त्याने 1867 चा जुना कायदा गेला. पण अंक नोंदवलेला असला म्हणून पोर्टल आपोआप नोंदणीकृत होत नाही, तसं ओळखपत्रावर छापू नका. पोर्टलसाठी 2021 चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. त्यात तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, तक्रारीची पोच 24 तासांत द्यायची आणि निर्णय 15 दिवसांत कळवायचा असं आहे. पोर्टलने आचारसंहिता पाळण्याबद्दलच्या नियम 9 च्या काही भागाला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2021 मध्ये स्थगिती दिली, तो कीस वकिलांना पाडू द्या. कोर्टाचं काही होवो, चूक झाली तर बातमी गुपचूप उडवू नका. त्याच जागी दुरुस्ती लिहा, वेळ टाका. मी त्या रात्री बातमी गुपचूपच उडवली होती.

मालकांशी बोलताना मात्र तत्त्वज्ञान सांगू नका, त्यांना हिशोब सांगा. 20 ऐवजी 4 बातम्या मागून घ्या, त्यांतली एक तरी जुन्या बातमीचा पाठपुरावा असू द्या, आणि तीन महिन्यांनी कोणत्या बातमीवर लोकांनी फोन केले ते वहीत लिहून दाखवा. क्लिकपेक्षा फोन मोजा.

त्या शेतकऱ्याचा नंबर माझ्याकडे अजून आहे. पावसाळ्यात विसर्गाचा मेसेज फिरायला लागला की मी आधी उजनीला फोन करतो, मग वीरचा आकडा घेतो, मग त्यांना पाठवतो. गेल्या पावसाळ्यात मी फोन फिरवतोय तेवढ्यात त्यांचाच मेसेज आला. त्यांचे मेहुणे माळशिरस तालुक्यात संगमला असतात. “सायेब, संगमाला पाणी चढायलंय. मेव्हण्यानं आत्ता काढून धाडलंय, तुम्ही खात्री करून घ्या.” फोटोत नदीकाठच्या पायऱ्या होत्या, आणि पुढे धरलेल्या दुसऱ्या मोबाईलच्या स्क्रीनवर तारीख आणि वेळ.