बाथरूम फोडा, पण आज नको

प्रश्न : पुण्यातल्या फ्लॅटच्या दोन बाथरूमचं नूतनीकरण ४ लाख ८० हजारांत ठेकेदाराला दिलं. लेखी करार नाही, सगळं व्हॉट्सॲपवर ठरलं. यूपीआयने ४ लाख २० हजार दिले. तीन महिन्यांत खालच्या घराच्या छताला ओल आली, टाइल्स पोकळ वाजतात. ठेकेदार म्हणतो, आधी उरलेले ६० हजार द्या. दुसऱ्याकडून फोडून घेऊ का? की पोलिसांत जाऊ?

उत्तर : टाइल्स आणि कोबा उखडला की पुरावा डेब्रिजच्या गोण्यांतून गेला. मग ‘गळती जुन्या पाइपची होती’ म्हणायला ठेकेदार मोकळा.

आधी स्वतंत्र सिव्हिल इंजिनिअर आणा. नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून एक-दोन दिवस पाणी साठवून ठेवलं आणि खाली ओल वाढली, तर संशय वॉटरप्रूफिंगवर. नाही वाढली, तर पाइपलाइनची प्रेशर टेस्ट करा. अहवालात गळतीचं कारण, फोटो आणि दुरुस्तीचा खर्च हवा. नुसतं ‘काम निकृष्ट’ लिहिलेला कागद फारसा कामाचा नाही. तपासणीची तारीख ठेकेदाराला आधी लेखी कळवा. तो येणार नाही बहुधा. कळवल्याचा पुरावा तेवढा जपा.

मग स्पीड पोस्टाने नोटीस : १५ दिवसांत दुरुस्ती करा, नाहीतर दुसऱ्याकडून करून खर्च वसूल करू. ६० हजार दावारकमेतून वळते करणार, हेही त्यातच लिहा. न सांगता पैसे अडवलेत, तर पैसे बुडवणारे तुम्हीच ठरवले जाल. मुदत उलटली की खुशाल फोडा. फोडतानाचं चित्रीकरण करा, बिलं पक्की घ्या.

तोंडी करारही करारच. चॅट डिलीट करू नका. प्रिंटसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात, तीही तुम्ही राहता तिथल्या. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्याने शुल्क शून्य, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं. ओल पहिल्यांदा दिसल्यापासून मोजा आणि काठावर जाऊ नका. महारेराकडे जाऊ नका, तिथे बिल्डरच्या प्रकल्पांचे वाद चालतात. पोलिसही बहुतेक ‘दिवाणी बाब’ म्हणून परत पाठवतील : फसवणुकीच्या गुन्ह्याला सुरुवातीपासूनचा लबाडीचा हेतू दाखवावा लागतो, निकृष्ट काम तेवढ्याने पुरत नाही.

खालच्यांना मात्र ठेकेदाराकडे बोट दाखवू नका. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाथरूमच्या गळतीचा खर्च सभासदाचाच. त्यांचं छत दुरुस्त करून द्या आणि ती पावतीही तक्रारीला जोडा.