भारतातलं सर्वात जुनं आणि अतिशय दुर्मीळ असं पोस्टाचं तिकीट कोणतं?

‘सिंदे डाक’. नुसतं भारतातलं नाही, आशियातलं पहिलं चिकटवायचं तिकीट. सिंध प्रांताचे कमिशनर बार्टल फ्रियर यांनी 1 जुलै 1852 रोजी ते सुरू केलं, किंमत अर्धा आणा.

आकार गोल, मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचं व्यापारी चिन्ह. पहिलं तिकीट लाल, पत्रावर लावायच्या लाखेसारखं ठिसूळ, त्यामुळे हाताळताना तडकायचं. मग पांढऱ्या कागदावर चिन्ह दाबून नुसतं उठवलं. शाई नाही, रंग नाही! मंद उजेडात ते दिसणार कसं? म्हणून निळं आलं.

ऑक्टोबर 1854 मध्ये साऱ्या देशासाठी राणी व्हिक्टोरियाच्या चित्राची तिकिटं आली आणि ही बंद पडली. उरलेला साठा नष्ट करण्यात आला. तिन्हींत लाल सर्वात दुर्मीळ, अखंड तर फारच थोडी.

आजोबांच्या पेटीत असं काही सापडलंच तर पाण्यात भिजवून पाकिटावरून सोडवू नका. पाकिटासकट तिकिटाला जास्त मोल असतं. आणि नकला भरपूर आहेत, तेव्हा जाणकाराला दाखवल्याशिवाय हुरळूनही जाऊ नका.