प्लूटोसारख्या दूरच्या बटुग्रहाच्या चंद्राची कक्षा पृथ्वीवर बसून कशी काढतात? ते अंदाजच असतात ना?

अंदाज नसतात. हाच शब्द मी पुण्यातल्या एका कॉलेजात प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला ऐकलाय, म्हणून लिहायला बसलो.

२००५ चा जानेवारी. शनी रात्रभर आकाशात, थंडीतली स्वच्छ हवा. कोथरूडच्या गच्चीवरून, घरी आरसा घासून केलेल्या सहा इंची दुर्बिणीतून मी शनीचा चंद्र टायटन याची जागा कागदावर मांडायचो. फूटपट्टी शनीच्या कड्यांचीच: कड्यांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेवढं अंतर, त्याच्या किती पट लांब आणि कुठल्या दिशेला. महिनाभरात सतरा रेखाटनं झाली. सोळा दिवसांनी टायटन जवळजवळ जुन्याच जागी येत होता, जास्तीत जास्त साडेचार पट लांब जात होता.

तोंडी परीक्षेला सर म्हणाले, "वर्तुळ बसत नाही. शनीजवळचे हे चार बिंदू चुकलेत, काढून टाक." मी म्हटलं, "सर, कडी कललेली दिसतात, टायटन त्याच पातळीत फिरतो. लंबवर्तुळच यायला हवं." "हे तुझे अंदाज." बिंदू ठेवले, मार्क गेले.

आता शॅरन, प्लूटोचा चंद्र. जून १९७८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या वेधशाळेतले जेम्स ख्रिस्टी प्लूटोच्या फोटोप्लेट तपासत होते. प्लूटोच्या एका अंगाला फुगवटा. दुर्बीण हलली असती तर त्याच प्लेटवरचे तारेही लांबट आले असते. ते गोल होते! जुन्या प्लेट काढल्या, तर फुगवटा प्लूटोभोवती ६.३९ दिवसांत फेरी मारत होता. प्लूटोचा उजेडही तेवढ्याच काळाने कमीजास्त होतो, हे आधीच माहीत होतं. काळ आणि अंतर मिळालं की त्यांना वस्तुमानाशी जोडणाऱ्या केप्लरच्या नियमातून दोघांचं मिळून वस्तुमान निघतं: पृथ्वीच्या साधारण चारशेव्या भागाइतकं. ख्रिस्टींनी तो फुगवटा डाग म्हणून सोडून दिला असता तर?

एक अडचण खरी आहे. आपल्याला आकाशावर पडलेली सपाट आकृतीच दिसते, त्यामुळे कक्षेचा कल पुढे की मागे हे ठरत नाही, दोन्ही उत्तरं बसतात. आपला बघण्याचा कोन बदलेपर्यंत काही वर्षं थांबावं लागतं. शॅरनची कक्षा १९८५ ते १९९० दरम्यान आपल्याला कडेवरून दिसली, दोघं एकमेकांना झाकत गेले, तेव्हा आकडे पक्के झाले.

करून बघायचं असेल तर टायटनपासूनच सुरुवात करा, आणि कुणी सांगितलं म्हणून बिंदू खोडू नका. माझ्या चारांपैकी एक मात्र ढगातून घेतलेला होता, तो गेला असता तर चाललं असतं. बाकीचे तीन वहीत आहेत, लंबवर्तुळावर.