२० हजारांचा नवा लॅपटॉप कॉलेजसाठी घ्यावा का?
नागपुरातील सीताबर्डीच्या दुकानात २० हजारांना मिळणारा, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी (स्वस्त प्रकारची साठवण) असलेला नवा लॅपटॉप बहिणीच्या बी.कॉम.साठी घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते घेऊ नये.

विंडोज ११ ची किमान गरजच ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण एवढी आहे. म्हणजे हा लॅपटॉप पहिल्याच दिवशी काठावर उभा असतो, आणि ब्राउझर, एक्सेल व ऑनलाइन तासिका एकत्र चालू झाल्या की त्याची दमछाक होते. ईएमएमसी ही एसएसडी या वेगवान साठवणीपेक्षा बरीच संथ असते आणि मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असल्यामुळे पुढे बदलताही येत नाही, ही मला त्यातली सर्वांत मोठी अडचण वाटते.

त्याच पैशांत ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असलेला, कार्यालयीन वापरातून आलेला जुना लॅपटॉप अवश्य पाहावा. मात्र इंटेल प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा नंतरचा असावा, कारण त्याआधीच्या बहुतेक प्रोसेसरांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षा अद्यतने) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. नागपूरचा मे महिना लक्षात घेता, दुकानातच अर्धा तास चालवून पंखा व बॅटरी तपासावी आणि हमी पावतीवर लिहून घ्यावी.