वाचक विचारतात : आइसलँडचा ओरी आणि दोन कोटी युरो

प्रश्न : स्पेनच्या फुटबॉल लीगचे, म्हणजे ला लिगाचे सामने मी जागून बघतो. तिथल्या रेआल सोसिएदाद क्लबने 2024 मध्ये आइसलँडच्या ओरी ओस्कारसनवर दोन कोटी युरो ओतले, पण पहिल्या हंगामात तो बऱ्याचदा बाकावरच दिसला. लोकसंख्या चार लाखांच्या आत असलेल्या देशातल्या विशीच्या पोरासाठी एवढी रक्कम? क्लबची फसगत झाली असं तुम्हाला वाटत नाही का?

उत्तर : नाही वाटत. दोन कोटी हा आकडा तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी मोठ्या टायपात छापला आणि आपण तिथेच अडकलो. नवा खेळाडू आला की मी आधी एवढंच बघतो, की हा मोठ्या माणसांच्या सामन्यांत कधीपासून आणि किती खेळलाय. ज्युनिअर संघात पाडलेला गोलांचा पाऊस मी हिशेबात धरत नाही.

या बाबतीत ओरीची वही भरलेली आहे. आइसलँडची राजधानी रेक्याविकला चिकटून समुद्रात घुसलेलं सेल्त्यार्नार्नेस नावाचं गाव आहे, वस्ती पाच हजारांच्या आत. तिथला क्लब ग्रोटा. 2018 मध्ये हा संघ देशातल्या तिसऱ्या श्रेणीत खेळत होता आणि प्रशिक्षक होते ओस्कार ह्राप्न थोरवाल्डसन, म्हणजे ओरीचे वडील. (बाप ओस्कार म्हणून लेक ओस्कारसन. तिकडे असंच चालतं, तेव्हा दोघांची आडनावं वेगळी दिसली तरी गोंधळू नका.) त्यांनी तेरा-चौदा वर्षांच्या लेकाला मोठ्यांच्या सामन्यात उतरवलं आणि पोराने पदार्पणातच दोन गोल मारले. वशिला म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण समोरचा दाढीवाला बचावपटू प्रशिक्षकाचा मुलगा आहे म्हणून पाय आखडता घेत नाही. ग्रोटा त्या वर्षी वरच्या श्रेणीत गेला आणि पुढच्या वर्षी पुन्हा एक पायरी चढून थेट पहिल्या श्रेणीत.

मग डेन्मार्कचा कोपनहेगन क्लब. आधी तिथला ज्युनिअर संघ, मग हळूहळू मोठा. 2023 च्या सुरुवातीला क्लबने त्याला डेन्मार्कच्याच दुसऱ्या श्रेणीतल्या सोन्डरयूस्के क्लबकडे लोनवर, म्हणजे काही काळासाठी उसना, धाडलं. लोन म्हटलं की आपल्याकडे चुकचुकतात, पोरगा नकोसा झाला म्हणून. अहो, नकोसा झालेला खेळाडू विकतात. ज्याच्याकडून पुढे काम करून घ्यायचंय त्याला दुसऱ्याच्या मैदानावर धक्के खायला पाठवतात.

त्याचं फळ लगेच दिसलं. 2 ऑगस्ट 2023, युरोपातल्या क्लबांची सगळ्यांत मोठी स्पर्धा असलेल्या चॅम्पियन्स लीगची पात्रता फेरी, कोपनहेगनचं पार्केन स्टेडियम. समोर आइसलँडचा विजेता संघ ब्रेदाब्लिक, आणि त्यांचा प्रशिक्षक कोण, तर तेच ओस्कार ह्राप्न! कोपनहेगनने सामना 6-3 असा जिंकला. त्यात ओरीची हॅट्ट्रिक. ज्याने पहिल्यांदा मैदानात उतरवलं त्याच्याच संघाची पोराने अशी दाणादाण उडवली. त्या रात्री बाप-लेकांत काय बोलणं झालं असेल, देव जाणे.

आता बाकाचं. सोसिएदादमध्ये ओरीच्या, म्हणजे पुढे राहून गोल मारायच्या जागेवर मिकेल ओयार्साबाल खेळतो. 2024 च्या युरो चषक स्पर्धेच्या फायनलमध्ये स्पेनकडून इंग्लंडला हरवणारा गोल त्याचाच. तो क्लबच्या घरचा माणूस आहे. त्याच्यामागे थांबण्यात कमीपणा कसला? ओरीशी करारही सहा वर्षांचा केलाय. घाई प्रेक्षकांना आहे, क्लबला नाही.

तुमची शंका अगदीच अनाठायी आहे असंही नाही. याच क्लबने 2014 मध्ये आइसलँडचाच आल्फ्रेड फिनबोगासन आणला होता. आदल्या हंगामात नेदरलँड्सच्या लीगमध्ये 29 गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवलेला गडी! स्पेनच्या लीगमध्ये मात्र त्या हंगामात त्याचे गोल झाले दोन. पुढे जर्मनीत ऑग्सबर्गकडे तो पुन्हा फॉर्मात आला आणि 2018 च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध आइसलँडचा गोलही त्यानेच केला. म्हणजे स्पेनमध्ये बसला म्हणजे संपला, असंही नव्हे.

प्रश्न : पोरगा मोठ्या क्लबात गेला की ग्रोटासारख्या छोट्या क्लबच्या हाती काय लागतं? आणि इतक्या लहान वयात परदेशी क्लबकडून खेळायला परवानगी मिळते?

उत्तर : फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचा सर्वसाधारण नियम अठरा वर्षांचा आहे. पण युरोपियन आर्थिक क्षेत्रातल्या देशांत आपापसात सोळाव्या वर्षी जाता येतं, आणि आइसलँड त्या क्षेत्रात आहे. मात्र क्लबने मुलाच्या शाळेची आणि राहण्या-जेवण्याची सोय करायची अट असते.

पैशाचं म्हणाल तर करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, की रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस वर्षांच्या दरम्यान घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरा या चार हंगामांचे प्रत्येकी पाव टक्का, पुढच्या प्रत्येक हंगामाचा अर्धा टक्का. म्हणजे ती चारही वर्षं सांभाळणाऱ्या क्लबच्या वाट्याला दोन कोटींतून ढोबळमानाने दोन लाख युरो येतात. सोसिएदादला ही चिल्लर वाटेल. पाच हजार वस्तीच्या गावातल्या क्लबला विचारून बघा!

प्रश्न : मेहुण्याशी पैज लागली आहे. तो म्हणतो, आइसलँडने आपला 'घरचा' सामना स्पेनमध्ये खेळला आणि तेव्हा कर्णधार होता हाच ओरी. मी म्हणतो, थाप आहे.

उत्तर : काढा पैसे. मार्च 2025, युरोपातल्या देशांच्या नेशन्स लीग स्पर्धेचा प्लेऑफ, प्रतिस्पर्धी कोसोवो. रेक्याविकचं लॉगार्डाल्सव्होलूर मैदान नवं गवत आणि त्याखाली गरम पाण्याच्या नळ्या घालण्यासाठी खणून ठेवलं होतं, म्हणून सामना स्पेनमधल्या मुर्सियात झाला. नवे प्रशिक्षक आर्नार गुन्लॉग्सन यांनी विशीतल्या ओरीला नुकतंच कर्णधार केलं होतं. त्याने सुरुवातीलाच गोल केला, पण पुढे कोसोवोच्या वेदात मुरिचीने हॅट्ट्रिक ठोकली आणि आइसलँड 1-3 असा हरला. मेहुण्याने निकालावरही पैज लावली असेल, तर ते तुम्ही आपसात बघा.