टाइप २ मधुमेहात कर्बोदकं कमी करावीत का? आणि 'मेंदूला साखर लागते' त्याचं काय?

तुम्ही विचारलंय की वडिलांना टाइप २ मधुमेह आहे, दोन प्रकारच्या गोळ्या चालू असूनही शुगर आटोक्यात येत नाही, तर कर्बोदकं कमी करून पाहावीत का आणि त्याने गोळ्या सुटतील का. शिवाय त्यांच्या आहारतज्ज्ञांनी बजावलंय की मेंदूला साखर लागते, धान्य कमी करायचं नाही.

कमी करून पाहा, असं माझं मत आहे. पण उत्तर लिहायला बसले ते त्या शेवटच्या वाक्यामुळे. माझी सख्खी धाकटी बहीण आहारतज्ज्ञ आहे आणि हेच वाक्य मी तिच्या तोंडून अनेकदा ऐकलंय.

मेंदूला ग्लुकोज लागतं हे खरंच आहे, दिवसाला साधारण १२० ते १३० ग्रॅम. पण ते सगळं ताटातूनच आलं पाहिजे असं शरीराने कधी म्हटलेलं नाही. यकृत प्रथिनांपासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून ग्लुकोज बनवतं. कर्बोदकं फारच कमी झाली तर मेंदू बरीचशी गरज कीटोनवर, म्हणजे यकृताने चरबीपासून बनवलेल्या इंधनावर भागवतो. टाइप २ मध्ये तर यकृत नको तेव्हाही ग्लुकोज सोडत राहतं. रात्रभर काही न खाता सकाळची फास्टिंग शुगर वाढलेली दिसते ती त्यामुळेच. ज्या माणसाच्या रक्तात आधीच साखर जास्त झाली आहे, त्याला मेंदू उपाशी राहील अशी भीती घालणं मला अजिबात पटत नाही.

माझा मधुमेह निघाला तेव्हा एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांतल्या शुगरची सरासरी दाखवणारा आकडा, ८.४ होतं. तज्ज्ञ घरातच असल्यामुळे मी दुसऱ्या कोणाला विचारलं नाही. बहिणीने तक्ता करून दिला. सकाळी ओट्स, साय काढलेलं दूध आणि एक फळ. मधल्या वेळी बिस्किटं. दुपारी-रात्री धान्य, डाळ, भाजी. दर दोन-अडीच तासांनी पोटात काहीतरी, म्हणजे शुगर एकदम पडणार नाही. तेल चमच्याने मोजून, अंड्यातला बलक बंद. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, दिलेल्या पायऱ्या गाळायची मला सवय नाही. तक्ता तंतोतंत पाळला. पुढच्या तपासणीत ८.१ आलं आणि एक गोळी वाढली.

तेव्हा मी ग्लुकोमीटर घेतला. जेवणाआधी एक आकडा, जेवणानंतर दोन तासांनी दुसरा, आणि समोर काय खाल्लं ते लिहायचं. ओट्स आणि फळाच्या न्याहारीआधी १४८, नंतर २४१. पट्टी खराब असेल म्हणून पुन्हा पाहिलं, दुसऱ्या दिवशीही पाहिलं, चित्र तेच. मग एका सकाळी नुसती अंडी आणि परतलेली पालेभाजी खाल्ली: आधी १४६, नंतर १५८. माणूस तोच, गोळ्या त्याच, बदललं फक्त ताट. त्यानंतर मी एकेक पदार्थ तपासत गेले. भात सगळ्यात वाईट. ब्रेड पांढरा असो की तपकिरी, फरक नगण्य. डाळीने थोडं वाढायचं पण हळू. दही, शेंगदाणे, बदाम, हिरव्या भाज्या यांनी जवळजवळ काहीच नाही.

वही घेऊन बहिणीकडे गेले. तिने ती उघडलीसुद्धा नाही. म्हणाली, "ताई, सारखं टोचून घेऊ नकोस, आकडे बघून नुसतं टेन्शन येतं." ज्या आजाराचं निदानच आकड्यावरून होतं, त्यात रुग्णाने आकडा पाहायचा नाही? हे मला तेव्हाही समजलं नाही, आजही समजत नाही. पुढे नातेवाइकांच्या एका जेवणात मी भात बाजूला ठेवला, तर सगळ्यांदेखत म्हणाली की ताईने इंटरनेटवर वाचून स्वतःवर प्रयोग चालवलेत. हो, प्रयोगच होता. माझे डॉक्टर माहितीत होते, गोळ्यांचा डोस त्यांनीच आधी कमी केला होता आणि प्रत्येक आकडा लिहिलेला होता. कुठल्याही तक्त्यापेक्षा हा प्रयोग जास्त काळजीपूर्वक केलेला होता.

ती याला 'नवं खूळ' म्हणते, त्याचा मला जास्त राग येतो. जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी शल्यवैद्याने १७९७ मध्ये मधुमेहाच्या रुग्णाला धान्य तोडून मांसाहारावर ठेवल्याचं लिहून ठेवलंय. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला, खायला मिळेना, तेव्हा बुशार्दा या फ्रेंच डॉक्टरांच्या लक्षात आलं की आपल्या रुग्णांच्या लघवीतली साखर कमी झाली आहे. १९२१-२२ मध्ये इन्सुलिन हाती येईपर्यंत कर्बोदकं तोडणं हाच मुख्य उपचार होता. इन्सुलिनने असंख्य जीव वाचवले, टाइप १ वाल्यांना तर त्याशिवाय जगताच येत नाही. पण त्यासोबत ताटाकडे पाहण्याची सवय सुटली. खा आणि वरून औषध घ्या, असं सुरू झालं.

घरी मोजण्याबद्दल बोलायचं तर रिचर्ड बर्नस्टाइन यांचं नाव घ्यायलाच हवं. ते इंजिनिअर, टाइप १ चे रुग्ण. १९६९ मध्ये रक्तातली साखर मोजायचं यंत्र फक्त डॉक्टरांना विकत मिळायचं. पत्नी डॉक्टर, म्हणून तिच्या नावाने त्यांनी ते घेतलं, दिवसातून अनेकदा मोजून कर्बोदकं आणि इन्सुलिन दोन्ही कमी केलं. वैद्यकीय नियतकालिकांनी त्यांचं लिखाण परत पाठवलं, तेव्हा चाळिशी उलटल्यावर ते मेडिकल कॉलेजात गेले आणि डॉक्टर झाले. टाइप १ आणि टाइप २ वेगळे आजार आहेत, तरी रुग्णाने स्वतः मोजावं ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच लागू आहे.

आता पुरावा. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या २०१९ च्या आहारविषयक अहवालात स्पष्ट म्हटलंय की शुगर सुधारण्यासाठी एकूण कर्बोदकं कमी करण्याच्या बाजूने सर्वांत जास्त पुरावा आहे. ब्रिटनमधले डॉ. डेव्हिड अनविन रुग्णांना साखरेच्या चमच्यांत हिशोब दाखवतात: १५० ग्रॅम शिजलेला भात रक्तातल्या शुगरवर सुमारे १० चमचे साखरेइतका परिणाम करतो. त्यांच्या दवाखान्यात ज्या १८६ रुग्णांनी हा आहार स्वतःहून निवडला, त्यांपैकी ५१ टक्क्यांची शुगर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली. मधुमेह होऊन वर्षही झालं नव्हतं अशांमध्ये हे प्रमाण ७७ टक्के होतं. त्यामुळे तुमच्या वडिलांना किती वर्षं झाली, यावर गोळ्या सुटण्याचं बरंच अवलंबून आहे, आणि ते तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही.

बहिणीचे दोन मुद्दे मात्र मला खोडता येत नाहीत, ते सांगते. २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २३ चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं. सहा महिन्यांनी एचबीएवनसी ६.५ च्या खाली आलेले लोक कमी कर्बोदकांच्या गटात ५७ टक्के, दुसऱ्या गटात ३१. पण औषधं पूर्ण बंद असण्याची अट घातली की फरक कमी होतो, आणि वर्षाच्या शेवटी फायदा ओसरलेला दिसतो. ती म्हणते, "टिकत नाही." माझं म्हणणं, गोळी घेणं सोडलं तर गोळीचाही परिणाम टिकत नाही. दुसरा मुद्दा वजनाचा. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' नावाच्या चाचणीत रुग्णांना काही महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींच्या पेयांवर ठेवलं. त्या पेयांत कर्बोदकं भरपूर होती, तरी वर्षाअखेर ४६ टक्के लोक रेमिशनमध्ये, म्हणजे औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. म्हणजे यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली की काम होतं. मान्य. माझं एचबीएवनसी ६.२ आलं तेव्हाही ती एवढंच म्हणाली, "वजन उतरलं म्हणून." मग वजन उतरलं कशाने? तिच्या तक्त्यावर मला दर दोन तासांनी भूक लागायची. धान्य कमी केल्यावर दुपारपर्यंत खाण्याची आठवण होत नाही. उपाशी न राहता वजन उतरलं, हे तिने माझ्याकडून ऐकून तरी घ्यायला हवं होतं.

हे वाचून उद्या सकाळपासून वडिलांचं धान्य मात्र तोडू नका. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि कर्बोदकं अचानक उतरवली, तर शुगर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. डोस आधी कमी करावा लागतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी असेल तर शुगर फार वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस (कीटोन साठून रक्त धोकादायक इतकं आम्लधर्मी होणं) होऊ शकतो, त्या गोळीवर कडक आहार नकोच. रक्तदाबाच्या गोळीचा डोसही बदलावा लागू शकतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आधी करून घ्या, कारण शुगर फार झपाट्याने उतरली तर तिथला त्रास वाढू शकतो. काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढतं, तेही पाहावं लागतं.

दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकं म्हणजे लो-कार्ब. २० ते ५० ग्रॅमच्या कडक आहाराची सुरुवातीला गरज नाही. आधी साखर, फळांचे रस आणि बिस्किटं काढा, मग धान्य निम्म्यावर आणा. आहारतज्ज्ञांकडे जाताना त्यांच्याच तक्त्यातल्या न्याहारीचा आधीचा आणि दोन तासांनंतरचा आकडा लिहून न्या आणि थेट विचारा की हा आकडा तुम्हाला चालतो का. आकडा न पाहता पुन्हा मेंदूचं ऐकवलं, तर तज्ज्ञ बदला. मला बहीण बदलता येत नाही, तुम्हाला तसलं काही बंधन नाही. एचबीएवनसी तीन महिन्यांनी करा, त्याआधी केलंत तर जुन्या आहाराचे दिवसही त्यात मोजले जातील.